बिनपाण्याची हजामत : वस्तरा, त्वचा आणि शिकाऊ हात

चारचौघांत एखाद्याचा यथेच्छ पाणउतारा झाला की मराठीत म्हणतात, त्याची बिनपाण्याने हजामत झाली. हा वाक्प्रचार पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुखऱ्या गालांतून आलेला आहे. कोरड्या कातडीवरून वस्तरा फिरला की आधी आग होते, मग लाली चढते आणि दुसऱ्या दिवशी पुरळ उठते. यावल-फैजपूरच्या बाजूला, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे त्या सोललेल्या गालावर घाम उतरला की काय होत असेल, हे सांगायला नको.

असे का होते? दाढीचा कोरडा केस राठ असतो. ऊन पाण्यात तो फुगतो, मऊ पडतो आणि थोड्या जोरात कापला जातो. पाणी नसेल किंवा धार बोथट असेल, तर पाते केस कापण्याऐवजी ओढते आणि सोबत कातडीचा वरचा पापुद्रा खरवडते. शिकाऊ माणूस अशा वेळी हमखास एक चूक करतो : वस्तरा चालत नाही म्हणून तो दाबतो. दुसरी चूक उलट्या दिशेने खरडण्याची. केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि तिथे फोड येतो.

हे ज्ञान फार जुने आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील अडुसष्टावे सूक्त क्षौरविधीचे आहे. त्यात सविता वस्तरा घेऊन येतो आणि वायूला ऊन पाणी आणण्याचे आवाहन केले जाते. म्हणजे आधी पाणी, मग धार, हा क्रम तेव्हाच ठरलेला होता. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना वस्तऱ्याबरोबरच तो लावण्याचा दगड, ठेवण्याचे म्यान आणि नमद्याचा तुकडा बाळगण्याची मुभा आहे. खानदेशच्या दक्षिण सीमेवरील अजिंठ्याच्या विहारांत शतकानुशतके मुंडित भिक्षू राहिले. चित्रांपुढे थक्क होणाऱ्या पर्यटकाला त्या रोजच्या सरंजामाची आठवण होत नाही, एवढेच.

गावगाड्यात हे कसब न्हाव्याच्या धोकटीत होते. वस्तरा, सहाण, चामोटे, वाटी, आरसा, नखे काढण्याची नऱ्हाणी आणि तुरटीचा खडा. सहाण धार काढते, तर चामोटे त्या धारेची वाकलेली सूक्ष्म कड सरळ करते. तुरटीने कातडी आवळते, बारीक जखमेतले रक्त थांबते. डाव्या हाताने गाल ताणायचा, पाते जवळजवळ आडवे धरायचे, जोर द्यायचा नाही. बापाकडून मुलाकडे गेलेली ही विद्या कोणी लिहून ठेवली नाही. बलुत्याच्या धान्यावर तिची किंमत भागली. युरोपात मात्र ज्याँ-जाक पेरे या पॅरिसच्या सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या कारागिराने १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तकच लिहिले आणि नवशिक्यांसाठी पात्याला लाकडी आडोसा लावून दाखवला.

पेरेच्या वाचकाला वस्तरा शिकण्याची हौस होती. महाराष्ट्रात ज्यांना तो हाती धरावाच लागला, त्यांची गोष्ट वेगळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या बालपणाविषयी नोंदवले आहे, की त्यांचे आणि भावांचे केस थोरली बहीण कापत असे. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. कसबी हात नाकारला गेला की घरातल्या अननुभवी हाताला पर्याय उरत नाही. त्या हाताखाली किती घरांतल्या मुलांची डोकी सोलली गेली असतील, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

वस्तऱ्याचा नकार एकदा नेमका उलट्या बाजूनेही आला. ब्राह्मण विधवांचे सक्तीने केशवपन होत असे आणि ते काम न्हाव्याकडूनच करून घेतले जाई. १८९० मध्ये सत्यशोधक नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम करायचे नाही असे ठरवले. साताऱ्यातील नकार जातीच्या उतरंडीतून आला होता. या नकाराने त्याच उतरंडीच्या माथ्यावरील रूढीला हात घातला, आणि तोही पोटावर पाय येण्याचा धोका पत्करून. समाजसुधारणेच्या इतिहासात या संपाला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

पुढे जिलेटच्या सुरक्षित वस्तऱ्याला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. दाढी घरोघरी होऊ लागली आणि लांब पात्याचा वस्तरा न्हाव्याच्या दुकानापुरता उरला. त्यालाही एड्सच्या भीतीने धक्का दिला. भारतात या संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली; त्यानंतरच्या काळात एकाच पात्याने सगळ्यांची दाढी करण्याची रीत मागे पडत गेली. आज तालुक्याच्या गावातल्या दुकानात कारागीर गिऱ्हाईकासमोर नवे ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धे पाते वस्तऱ्यात बसवतो. चामोटे भिंतीवरून गेले. पाण्याची फवारणी बाटलीतून होते. तुरटीचा खडा मात्र अजून आरशाखालच्या फळीवरच असतो.