मातृवंशाचा दाखला : फिलिपिन्सच्या बास्केटबॉलमधील द्विवंशीय खेळाडू

1898 मध्ये फिलिपिन्सचा द्वीपसमूह स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेला, आणि त्यानंतरच्या दीड दशकात बास्केटबॉल हा खेळ शाळा व वायएमसीए यांच्यामार्फत तिथे असा रुजला, की 1913 ते 1934 या काळात भरलेल्या दहा सुदूर पूर्व क्रीडास्पर्धांपैकी नऊ वेळा या खेळाचे विजेतेपद फिलिपिन्सकडेच राहिले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या देशाने पाचवे स्थान मिळवले आणि 1954 मध्ये रिओ दि जानेरोच्या जागतिक स्पर्धेत कार्लोस लोयझागाच्या खेळाच्या बळावर कांस्यपदक जिंकले. ज्या राजवटीने हा खेळ आणला, तिच्याच ओघात हजारो फिलिपिनो माणसे मजूर, खलाशी आणि परिचारिका म्हणून हवाई व कॅलिफोर्नियात गेली, आणि क्लार्क व सुबिक येथील लष्करी तळांवर आलेल्या अमेरिकी सैनिकांनी फिलिपिनो स्त्रियांशी संसार मांडले. या स्थलांतरांतून आणि विवाहांतून अमेरिकेत वाढलेल्या पिढीला मनिलात ‘फिल-ॲम’ म्हणतात. तिच्यातील ज्या मुलांचे वडील अमेरिकी होते, त्यांची हकिगत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.

9 एप्रिल 1975 रोजी मनिला महानगरातील अरानेटा कोलिझियममध्ये फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे पीबीए, ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. तिचे संघ शहरांचे नसून कंपन्यांचे असतात. कापड, कॉफी, बिअर आणि मोटारी विकणाऱ्या उद्योगांनी ते उभे केले. लीगचा हंगाम ‘कॉन्फरन्स’ नावाच्या स्वतंत्र स्पर्धांमध्ये विभागलेला असून, त्यांपैकी काहींत परदेशी खेळाडू, ज्याला तिथे ‘इम्पोर्ट’ म्हटले जाते, मर्यादित संख्येने खेळवता येतो, तर सर्व-फिलिपिनो कॉन्फरन्समध्ये त्याला मज्जाव असतो. अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तयार झालेला खेळाडू जर कायद्याने फिलिपिनो ठरला, तर तो इम्पोर्टच्या मर्यादेबाहेर राहून वर्षभर प्रत्येक स्पर्धेत खेळू शकत होता, आणि म्हणूनच त्याच्या फेकीइतकेच महत्त्व त्याच्या आईच्या जन्मदाखल्याला आले.

हा दाखला कसा वाचायचा, हे राज्यघटनेने ठरवले होते. 1935 च्या घटनेनुसार नागरिकत्व मुख्यतः पित्याकडून मिळत असे; आई फिलिपिनो आणि वडील परके असतील, तर अशा अपत्याला सज्ञान झाल्यावर फिलिपिनो नागरिकत्व निवडल्याचे औपचारिकपणे जाहीर करावे लागे. 17 जानेवारी 1973 रोजी अमलात आलेल्या घटनेने आई आणि वडील यांना समान लेखले आणि 1987 च्या घटनेने तेच तत्त्व कायम ठेवले. परंतु 1973 पूर्वी जन्मलेल्या, फिलिपिनो मातांच्या मुलांना निवडीची जुनी अट लागू राहिली. पीबीएच्या पहिल्या पंचवीस वर्षांतले द्विवंशीय खेळाडू बहुतांशी याच पिढीचे होते.

त्यांच्यात रिकार्डो ब्राउनचे स्थान सर्वांत वरचे मानले पाहिजे. फिलिपिनो आईचा हा मुलगा कॅलिफोर्नियातील पेपरडाइन विद्यापीठाकडून खेळला, 1979 मध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत ह्यूस्टन रॉकेट्स संघाने त्याचे नाव घेतले, पण त्याची खरी कारकीर्द घडली ती मनिलात. 1983 मध्ये ग्रेट टेस्ट या कॉफी कंपनीच्या संघाकडून तो पीबीएत उतरला, त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 1985 मध्ये हंगामाचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू झाला. पुढे सॅन मिगेल संघाकडून खेळून तो निवृत्त झाला, तेव्हा सामन्यामागे 23.1 गुणांची त्याची सरासरी स्थानिक खेळाडूंमध्ये अव्वल होती. वेगवान चाल, थांबता थांबता उडी घेऊन केलेली अचूक फेक आणि चेंडू नेमका कोणाला द्यायचा याची जाण हे त्याच्या खेळाचे विशेष होते. अमेरिकेत ज्याला जागा मिळाली नाही असा खेळाडू, एवढीच त्याची ओळख सांगणे अन्यायाचे आहे. कारण अमेरिकी महाविद्यालयांतली शिस्त आणि मनिलाच्या प्रेक्षकांना आवडणारा उत्स्फूर्त खेळ यांचा मेळ त्याच्याइतका सहज फार थोड्यांना साधला. लीगने 2000 मध्ये जाहीर केलेल्या पंचवीस थोर खेळाडूंच्या यादीत त्याचा समावेश झाला तो या कर्तृत्वामुळेच.

ब्राउनच्या यशाने दाखवलेल्या वाटेवर 1990 च्या दशकाच्या अखेरीस गर्दी झाली. 1998 मध्ये एमबीए ही प्रतिस्पर्धी लीग सुरू होताच पीबीएने संघांना परदेशात वाढलेले फिलिपिनो वंशाचे खेळाडू थेट करारबद्ध करण्याची मुभा दिली, आणि मोठ्या रकमांच्या मोहात काहींनी वंशाचे बनावट दाखलेही सादर केले. अशांना वृत्तपत्रांनी ‘फिल-शॅम’ म्हटले, सिनेटने चौकशी केली आणि काहींना देशाबाहेर घालवण्याचे आदेश निघाले. चौकशी आवश्यक होती, यात शंका नाही. मात्र तिचा भार खोट्यांबरोबर खऱ्यांवरही पडला. टोंगा बेटांवर जन्मलेला, फिलिपिनो आईचा मुलगा असी ताउलावा याला नागरिकत्वाच्या वादामुळे काही काळ खेळापासून दूर राहावे लागले, आणि परतल्यावर 2003 मध्ये तोच सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला.

देशाच्या कायद्याने हा प्रश्न बहुतांशी सोडवला, तरी आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने तो वेगळ्या रूपात जिवंत ठेवला. फिबाच्या नियमानुसार वयाच्या सोळाव्या वर्षापूर्वी ज्याने पासपोर्ट घेतला नाही, तो रक्ताने त्या देशाचा असला तरी ‘नैसर्गिकीकृत’, म्हणजे बाहेरून येऊन नागरिक झालेल्या, खेळाडूंत मोजला जातो, आणि राष्ट्रीय संघात असा एकच खेळाडू चालतो. एनबीएमध्ये नाव कमावलेला जॉर्डन क्लार्कसन आईच्या बाजूने फिलिपिनो वंशाचा असूनही 2023 च्या विश्वचषकात याच एकमेव जागेवर खेळला आणि चीनविरुद्धच्या 96–75 अशा विजयात त्याने 34 गुण केले. एका देशाच्या लागोपाठ दोन घटनांनी मातृवंशाला मान्यता दिली असताना, पासपोर्टच्या तारखेवर वंश जोखणारा हा नियम अन्याय्य आहे आणि तो बदलला पाहिजे. तूर्त मात्र तो कायम आहे. 2024 मध्ये रिगा येथील ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ती एक जागा फिलिपिनो वंशाचा नसलेल्या जस्टिन ब्राउनलीला मिळाली आणि क्लार्कसन संघाबाहेर राहिला.