पाळी कोणाची? लेहच्या वाटेवरचे घोडेवाले आणि मोटरसायकलवाले

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या मोटरसायकली लडाखच्या वाटेला लागतात. कोणी घरापासून गाडी हाकत नेतो, कोणी ती रेल्वेने उत्तरेत पाठवतो, तर पुष्कळ जण मनालीत भाड्याने घेतात. परतल्यावर त्यांच्या बोलण्यात पँगाँगचे निळे पाणी असते, खार्दुंग ला असतो (ला म्हणजे खिंड) आणि हमखास एक तक्रार असते. मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लेहपर्यंत चालते, पण तिथून पुढे नुब्रा किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत. त्यासाठी लेहमधलीच गाडी भाड्याने घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरच्या गाडीला कोणी हात लावत नाही. अडते ती काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, बाहेरगावची भाड्याची गाडी. 'संघटनेची दादागिरी' हा शब्द मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकला असेल.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. उमेदीची वर्षे मालवाहतुकीच्या हिशेबवह्या लिहिण्यात गेली आणि त्या नादाने जुन्या वाटा, घाट, तांडे, जकाती यांचे वाचन लागले. त्यामुळे ही तक्रार ऐकताना मला वेगळाच प्रश्न पडे. या वाटेवर ओझे कोणी वाहायचे आणि भाडे कोणी घ्यायचे, हे मोटारी येण्यापूर्वी कसे ठरत होते?

लेह हे तेव्हा आडवळणाचे गाव नव्हते, चौक होता. पंजाब आणि काश्मीरकडून कापड, नीळ, मसाले, पोवळी येत. पलीकडून, म्हणजे मध्य आशियातल्या यारकंदहून, रेशीम, गालिचे, नमदे, चरस येई. लेहच्या उत्तरेला खार्दुंग ला, मग नुब्रा, सासेर ला आणि शेवटी साडेपाच हजार मीटरांवरची काराकोरम खिंड. एका खेपेला महिन्याच्या वर काळ लागे. नुब्रा सोडल्यावर पुढे कित्येक मुक्काम गवताची काडी मिळत नसे, म्हणून मालाबरोबर जनावरांचा दाणाही जनावरांच्याच पाठीवर लादावा लागे. मेलेल्या घोड्यांच्या हाडांवरून वाट ओळखू येई, असे एकाहून अधिक प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पेट्रोल पंपापाशी 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी अनेक वर्षे होती आणि तिथे मोटरसायकलवाले कॅन भरून घेत. दाण्याच्या जागी पेट्रोल आले, एवढेच.

हा माल वाहणाऱ्यांना किरायाकश म्हणत. किराया म्हणजे भाडे, हे मराठी माणसाला सांगायला नको. बाळगलेले पाच-दहा घोडे घेऊन शेतकरीच उन्हाळ्यात हा धंदा करत. जॅनेट रिझवी यांनी अशा म्हाताऱ्या घोडेवाल्यांना आणि व्यापाऱ्यांच्या घरच्यांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'ट्रान्स-हिमालयन कॅरव्हॅन्स' हा ग्रंथ लिहिला (१९९९). लडाखला निघालेल्या प्रत्येकाने तो निदान चाळावा, असे माझे मत आहे.

१८७० साली व्हाइसरॉय मेयो आणि काश्मीरचे महाराजा रणबीरसिंग यांच्यात व्यापारी तह झाला. लाहौलच्या सीमेपासून यारकंदच्या हद्दीपर्यंतची वाट सर्वांना खुली झाली, मालावरची जकात उठली आणि देखरेखीला दोन संयुक्त आयुक्त नेमले गेले. व्यापाऱ्यांची भांडणे मिटवणे, वाहतुकीचे दर बांधणे ही कामे त्यांच्याकडे आली. वाट खुली झाली ती व्यापाऱ्यासाठी आणि साहेबासाठी. तिच्या काठच्या गावांना मात्र 'रेस' लागू होती. आपल्या कानाला हा शब्द शर्यतीचा वाटेल, पण लडाखी भाषेत रेस म्हणजे पाळी. पाळीने ठरलेल्या गावाने ठरलेल्या दराने घोडे पुरवायचे. दर सरकारचा, घोडा गावचा. आपल्याकडच्या वेठीशी याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की इथे पैसे मिळत, निदान मिळावेत अशी अपेक्षा असे.

खरी अडचण महिन्यांची होती. खिंडी उघड्या असतात ते चार महिने आणि जव पेरून, पाणी देऊन, कापून घरात आणायचे तेही तेच चार महिने. वाट आणि शेत एकाच वेळी माणूस मागतात. ही गोष्ट १८७० साली खरी होती आणि आजही खरीच आहे, कारण मोटरसायकलींचा हंगामही तोच.

१९४९ मध्ये चीनच्या बाजूने सीमा बंद झाली आणि यारकंदची वाट संपली. नुब्रातल्या हुंडरच्या वाळूवर पर्यटक ज्या दोन मदारींच्या उंटांवर बसून फोटो काढतात, ते त्या तांड्यांमागे राहिलेल्या उंटांचे वंशज. सीमा रस्ते संघटना १९६० साली स्थापन झाली. श्रीनगरहून लेहपर्यंत ट्रक येऊ लागले आणि किरायाकशांचा उरलासुरला धंदाही बसला. रस्ता सैन्यासाठी होता; बुलेटदेखील या देशात रुजली ती बरीचशी सैन्याच्याच मागणीमुळे. १९५५ साली मद्रासला तिची कंपनी उभी राहिली.

पर्यटकांना लडाख खुले झाले १९७४ साली. मनाली-लेह रस्ता सामान्य वाहनांना १९८९ साली मिळाला, आणि नुब्रा, पँगाँगचे दरवाजे १९९४ मध्ये उघडले. आधी आले ते परदेशी. दिल्लीत करोलबागेत जुनी बुलेट घ्यायची किंवा भाड्याने न्यायची आणि उत्तर गाठायची, ही चाल त्यांची. आपले लोक मागाहून, पण लोंढ्याने आले. २००९ मध्ये 'थ्री इडियट्स'ने पँगाँग घराघरांत पोचवला. २०२० साली ९ किलोमीटरांचा अटल बोगदा झाला आणि रोहतांगचा वळसा चुकला. २०११च्या जनगणनेत लडाखची वस्ती पावणेतीन लाख होती. २०२२ या एका वर्षात तिथे पाच लाखांहून अधिक पर्यटक आले.

या गर्दीला उंचीचे वेड आहे. खार्दुंग लावर कित्येक वर्षे १८,३८० फूट ही पाटी मिरवली गेली. आधुनिक मोजणीत ती खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. आठशे फूट रंगाऱ्याने वाढवले म्हणायचे! तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, कार्बोरेटरची गाडी दम्याच्या रोग्यासारखी चालते आणि चालवणाऱ्याचे डोके दुखते. काफिलेवाल्यांना या खिंडीचे काडीचे कौतुक नव्हते. उत्तर उतारावरच्या बर्फावर लादलेले घोडे टिकत नसत, म्हणून ओझी उतरवून याकांच्या पाठीवर द्यावी लागत. म्हणजे तिथेही भाडे घेणारा बदलत होता. हद्द आली की स्थानिक जनावर, ही रीत या डोंगरात आजची नाही.

म्हणून लेहच्या गाडीवाल्यांची बाजू मला पटते. वाट खुली करणारे बाहेरचे, माल बाहेरचा, प्रवासी बाहेरचे. भाडे तेवढे तिथल्या माणसाच्या हाती राहिले होते, आणि तेही मनाली-दिल्लीच्या दुकानदाराने घ्यायचे असेल तर लडाखच्या वाट्याला धूर आणि कचरा उरतो. फरक लक्षात घेण्याजोगा आहे. रेसचा दर वरून लादलेला होता. आजचा दर लेहचे टॅक्सीवाले, गाडीवाले स्वतः ठरवतात आणि छापून लावतात. शंभर-दीडशे वर्षांत वाहणारा बोलू लागला, याला मी दादागिरी म्हणणार नाही.

पण ही बाजू घेताना एक टोचणी राहते. लेह म्हणजे लडाख नव्हे. ज्या गावांतून गाड्या नुसत्या धुरळा उडवत जातात, त्यांच्या पदरी त्या भाड्यातले काय पडते? चांगथांगच्या कुरणांवर पश्मिन्याच्या शेळ्या चारणाऱ्याला गाड्यांच्या आडव्यातिडव्या चाकोऱ्यांखेरीज फारसे काही मिळत नाही. आणि रस्ता? तो दर उन्हाळ्यात फोडतात आणि बुजवतात ते झारखंडातल्या दुमकाकडचे मजूर. डांबराच्या पिंपाशेजारी, तोंडाला फडके बांधून. सीमा रस्ते संघटनेच्या पिवळ्या पाट्यांवरच्या गमतीदार इंग्रजी ओळींचे फोटो हजारोंनी निघतात. पाटीखाली उभा असलेला माणूस चौकटीबाहेर राहतो. जुन्या वर्णनांतही घोड्यांविषयी पानेच्या पाने असतात आणि घोडा हाकणारा एका ओळीत आटोपतो.

रेस हा शब्द सरकारने शोधलेला नव्हता. लडाखच्या खेड्यांत शेळ्या चारण्याची पाळी घरोघर फिरते, तिला रा-रेस म्हणतात. रा म्हणजे शेळी. आज अमक्याने साऱ्या गावच्या शेळ्या न्यायच्या, उद्या तमक्याने. दरबाराने गावची ही सवय उचलली आणि तिचा हुकूम केला. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबक गावात पर्यटकांना घरी ठेवून घेण्याची सोय झाली, तेव्हा गावकऱ्यांनी तीच सवय पुन्हा बाहेर काढली. पाहुणे आले की ते कोणाकडे उतरणार हे पाळीने ठरते. ज्याचे घर मोठे, ज्याची खिडकी डोंगराकडे, त्यालाच सारे गिऱ्हाईक असे होत नाही. तिथले बहुतेक पाहुणे मात्र पायी चालणारे असतात.