मास्तरांचं देणं

राहुरीत पाळकांचं शिबिर भरतं तेव्हा माझ्याकडे 'उपदेशाची तयारी' हा विषय असतो. समोर नगर, संगमनेर, नेवासे भागातले पाळक वह्या उघडून बसलेले असतात. एकेकाकडे चार-चार गावांच्या मंडळ्या. रविवारी एका गावची उपासना आटोपून दुसरीकडे मोटारसायकल पळवायची, संध्याकाळी आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जायचं. दमलेल्या या भावांना मी सांगतो ते बहुतेक माझ्या घरातच ऐकलेलं असतं.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत 1813 साली सुरू झालं, 1831 मध्ये ते नगरला आलं आणि 1842 मध्ये नगरहून 'ज्ञानोदय' निघालं, हे मी पुढे वाचलं. आजोबांच्या गोष्टींत सन नसत. 'मोठ्या दुष्काळात', 'पलेगाच्या साली' असा त्यांचा हिशेब.

ते सांगत, साहेब छकड्यातून यायचा, बाप्तिस्मे द्यायचा आणि पुढच्या गावाला जायचा. मागे राहायचा तो मास्तर. महारवाड्यातल्या एका खोलीत दिवसा पोरांना बाराखडी, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांना शास्त्र. कुणाचा कागद वाचून दाखवायचा, कुणाच्या मयताला खांदा द्यायचा. पाणवठा आधीपासून बंदच होता. ख्रिस्ती झाल्यावर काही घरांचं बलुतंही बंद झालं. अशा घरी मास्तर जायचे ते आधी ऐकायला. घरच्यांचं बोलून झालं की मग प्रार्थना.

आजीची गोष्ट याच्या जोडीची. दळणाला बसण्याआधी सुपातल्या ज्वारीची एक मूठ वेगळ्या मडक्यात पडायची. रविवारी ते मडकं मंदिरात रितं व्हायचं. दुष्काळात मूठ लहान झाली, पण मोडली नाही, असं तिची सासू सांगायची. मंडळीच्या सेवकाची भाकरी त्या मुठीतून आलेली आहे. शिबिरात पगाराचा विषय निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण पोट कुणाच्या घासातून भरतं, याचाही विसर पडू नये.

याच राहुरीत रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंनी संसाराची काही वर्षं काढली. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात त्या नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही त्यांचं सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. ते सोडण्यासाठी टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हजारोंना वाणीनं हलवणारा हा माणूस घरात थांबायला शिकला होता. लक्ष्मीबाई बदलल्या त्या स्वतः विचार करून, आणि पुढे 'स्मृतिचित्रे' लिहून त्यांनी तो सगळा प्रवास मराठीला दिला. उपदेशकानं यातून घ्यायचं ते हेच, की दुसऱ्याच्या मनाला त्याचा वेळ द्यावा.

टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. शेजारच्या नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ओवी-अभंग या मातीत मुरलेले. त्याच चालींवर आमची भजनं उभी राहिली. अक्षर न ओळखणाऱ्या, पण टिळकांची पदं पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ असणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांचं शास्त्र कानावाटे काळजात गेलं होतं.

एका तरुण पाळकानं विचारलं, "पाळकसाहेब, लोक आता मोबाइलवर चांगले-चांगले उपदेश ऐकतात. आमचं कोण ऐकणार?" मी म्हणालो, "ऐकू देत. त्यांच्या घरी मयत झाली तर मोबाइलवरचा उपदेशक खांद्याला येणार नाही. तिथं तुम्हीच लागणार." उपदेशाची खरी तयारी लोकांच्या ओट्यावर होते. टीकाग्रंथ त्यानंतर उघडावेत.

मिशनच्या छापील अहवालांत साहेबांची नावं ठळक आहेत. अनेक मास्तर आणि शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाया नावाशिवायच राहिल्या. त्यांची नावं आज फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं वर्षागणिक कमी होताहेत. म्हणून शिबिर संपताना सगळ्यांना एकच काम देतो, वाचकांनाही तेच सांगतो: आपल्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे या आठवड्यात जा. गावात पहिली शाळा कुणी चालवली, पहिली मूठ कुणी टाकली, ते विचारा आणि नावासकट वहीत उतरवून ठेवा.