जॉन्सन, जेम्स वेल्डन

(१७ जून १८७१ – २६ जून १९३८). अमेरिकन कवी, कादंबरीकार, वकील आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतील एक अग्रणी. जन्म फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीयांच्या पहिल्या पिढीतील तो होय. अटलांटा विद्यापीठाची पदवी घेतल्यावर (१८९४) तो जॅक्सनव्हिलच्या स्टँटन विद्यालयाचा मुख्याध्यापक झाला. त्याची आई तेथेच शिक्षिका होती. हे काम सांभाळून त्याने एका गोऱ्या वकिलाच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला व वकिलीची सनद मिळविली. तथापि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर आधारलेली विभक्तता वैध ठरविली होती आणि दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला जात होता. कायद्याने दिलेले स्वातंत्र्य कायद्यानेच आक्रसू लागले होते.

लिंकनच्या जयंतीनिमित्त त्याने १९०० मध्ये ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गीत रचले. त्याचा भाऊ रोझमंड ह्याने ते स्वरबद्ध केले. शाळकरी मुलांनी प्रथम गायिलेले हे गीत पुढे कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत म्हणून मान्यता पावले. १९०६ पासून व्हेनेझुएला व निकाराग्वा येथे तो अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. ह्याच काळात द ऑटोबायॉग्रफी ऑफ ॲन एक्स-कलर्ड मॅन (१९१२) ही त्याची कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली. जमावाने एका कृष्णवर्णीयास जिवंत जाळल्याचे पाहून तिचा उजळ वर्णाचा नायक गोऱ्यांत मिसळून जातो.

अशा हत्यांविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा, म्हणून एन. ए. ए. सी. पी. ह्या संघटनेचा सचिव (१९२०–३०) ह्या नात्याने जॉन्सनने अविरत खटपट केली. डायर विधेयक २६ जानेवारी १९२२ रोजी प्रतिनिधिगृहात संमत झाले. परंतु सेनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी ते अडवून धरले. असा कायदा प्रत्यक्षात २०२२ मध्ये झाला.

गॉड्स ट्राँबोन्स (१९२७) हा त्याचा सर्वोत्कृष्ट काव्यग्रंथ. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या प्रवचनांतील लय आणि प्रतिमा त्याने त्यात मुक्तछंदात उतरविल्या. मात्र विनोदापुरती रूढ झालेली बोली कटाक्षाने टाळली. अलाँग धिस वे (१९३३) हे त्याचे आत्मचरित्र. अखेरच्या काळात तो फिस्क विद्यापीठात प्राध्यापक होता. मेन राज्यातील विस्कॅसेट येथे मोटार व आगगाडी ह्यांच्या अपघातात त्याचे निधन झाले.