फाब्रचे पडीक रान

अभयारण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विस्तीर्ण जंगल, वाघ आणि पाणवठे उभे राहतात. ज्याँ-आंरी फाब्रचे रान जेमतेम एक हेक्टरचे होते. दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ येथे १८७९ साली, पाठ्यपुस्तके लिहून मिळवलेल्या पैशांतून त्याने ते विकत घेतले, तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. अशा दगडगोट्यांच्या, काटेरी, नापीक जमिनीला तिथल्या बोलीत ‘आर्मास’ म्हणतात. शेतकऱ्याच्या लेखी टाकाऊ असलेली ही जागा त्याने राखली ती गांधीलमाश्या, भुंगे आणि कोळी यांच्यासाठी.

त्या काळचा कीटकशास्त्रज्ञ टाचणीला टोचलेल्या, मद्यार्कात बुडवलेल्या प्राण्यावर लिही. फाब्र जिवंत प्राण्यापाशी तासन्‌तास बसे आणि जे दिसले ते साध्या, रसाळ फ्रेंचमध्ये मांडी. त्याचे लेखन सहज वाचता येते, म्हणून ते पुरेसे गंभीर नाही, असा आक्षेप विद्वानांनी घेतला. (हा आक्षेप मराठी समीक्षेच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावा!) आम्हांला तो मुळातच उलटा वाटतो. फाब्रची भाषा सोपी आहे, कारण तिला पाहिलेल्या गोष्टीपासून दूर जायचे नाही.

त्याने पाहिलेली लायकोसा कोळीण घ्या. ही जमिनीत बीळ करून राहते आणि अंड्यांची पिशवी शरीराच्या मागच्या टोकाला बांधून आठवडेच्या आठवडे वागवते. बिळाच्या तोंडाशी येऊन ती पिशवी उन्हाला धरते. पिशवी ओढू पाहणाऱ्या चिमट्याशी ती जिवाच्या कराराने झुंजते. फाब्रने पिशवी काढून घेतली आणि त्याच आकाराची, कानशीने घासलेली बुचाची गोळी पुढे केली. तिने तीही तितक्याच मायेने बांधून घेतली. ‘माया’ हा शब्द आता वापरावा की नाही, हा पेच इथे आपलाही होतो. त्या आईला मूर्ख म्हणण्याची घाई मात्र फाब्रला झाली, असे आम्हांला वाटते.

पुढे पिल्ले महिनोन्‌महिने आईच्या पाठीवर राहतात आणि काही खात नाहीत. मग त्यांना बळ कुठून मिळते? सूर्यप्रकाशातून, असा तर्क फाब्रने केला. तो चुकला; पिल्ले अंड्यातील उरलेल्या पीतकावर जगतात. पण त्याने निरीक्षण आणि तर्क वेगवेगळे लिहिले होते, म्हणून तर्क गळून पडला तरी उन्हात बसलेली ती कोळीण पानावर जशीच्या तशी आहे.