औंधचा नित्यनेम

'नमस्कार' हा शब्द आपण दिवसांतून कितीदां तरी उच्चारतों. आजच्या सातारा जिल्ह्यांतील औंध येथें मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याला निराळाच अर्थ आला होता. संस्थानच्या शाळांत मुलामुलींनीं सूर्यनमस्कार घालावे, असा तेथला नियमच होता.

हा नियम करणारे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि १८६८ सालीं जन्मले व १९०९ सालीं गादीवर आले. नमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याति झाली. परंतु तरुणपणीं त्यांनीं आदर्श मानला होता तो युरोपांतील प्रसिद्ध बलवान युजेन सँडो याचा. सँडोचें पुस्तक व साधनें आणवून त्यांनीं सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें मेहनत केली. पुढें १९०८ च्या सुमारास ते नमस्कारांकडे वळले. त्यांना ना डंबेल्स लागत, ना आखाडा; सतरंजीपुरती जागा असली कीं पुरे. प्रवासांतही खंड पडण्यास सबब उरली नाहीं.

येथें एक गोष्ट सहसा नजरेआड होते. नमस्कार सुरू करण्यापूर्वींच बाळासाहेबांच्या अंगीं दहा वर्षांचा नेम मुरलेला होता. व्यायामाचा प्रकार बदलला. नेम तोच राहिला. १९३८ सालीं त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें, तेव्हां त्यांना सत्तरावें वर्ष चालू होतें.

नमस्कारांचे त्या काळीं सांगितलेले सर्वच रोगहारक गुण आजचें वैद्यक मान्य करणार नाहीं. मूळ मुद्दा मात्र टिकला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला. म्हणजे रोजचीं अवघीं २२ मिनिटें. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह यांचा धोका त्यानें कमी होतो, झोंप सुधारते, मन उल्हसित राहतें. पण हा सांठा पुरवून वापरतां येत नाहीं. कांहीं आठवडे खंड पडला कीं कमावलेला दम ओसरूं लागतो.

१९३९ सालीं याच राजानें राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९५१ सालीं बाळासाहेबही गेले. नमस्कारांची सक्ति करणारें राज्य आतां उरलें नाहीं. नमस्कार अजून घरोघर घातले जातात. उद्यां सकाळीं आपणांस उठविण्यास कोणी राजा येणार नाहीं. सतरंजी आपली आपणच पसरावयाची आहे.