गर्भाशय-प्रत्यारोपणातील ऑक्सिजनमापन

गर्भाशय-प्रत्यारोपणातील ऑक्सिजनमापन : दात्रीचे गर्भाशय दुसऱ्या स्त्रीच्या ओटीपोटात बसवताना त्याच्या ऊतींतील रक्तात ऑक्सिजन किती आहे, हे प्रकाशाच्या साहाय्याने पाहत राहण्याची पद्धत.

काढलेले गर्भाशय थंड द्रावणाने धुऊन घेतात आणि त्याच्या रोहिणी व नीला श्रोणीतील मोठ्या रक्तवाहिन्यांना शिवतात. रक्तवाहिन्यांवरचे चिमटे सोडल्यावर फिकट अवयव गुलाबी झाला, कापलेल्या कडेतून लाल रक्त पाझरू लागले, की जोडणी जमली असे मानण्याचा प्रघात आहे. रोहिणीपुरती ही खूण बरी. नीला तुंबली तर मात्र रंग उशिरा काळवंडतो. गुठळीचा धोका खरा आहे : सौदी अरेबियात 2000 साली बसवलेले गर्भाशय 99 दिवसांनी गुठळीमुळे काढावे लागले. स्वीडनमधील पहिल्या नऊ प्रत्यारोपणांपैकी दोन फसली, त्यांतल्या एकाचे कारण गुठळीच होते.

तत्त्व : ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनहीन हीमोग्लोबिन वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश कमी-अधिक शोषतात. बोटाला लावायच्या चिमट्याचे (पल्स ऑक्सिमीटर) तत्त्वही हेच. पण त्याला नाडीचे ठोके लागतात आणि रक्तपुरवठा तोडलेल्या अवयवात ते नसतात. म्हणून बहुवर्णपटीय (अनेक तरंगलांबींत चित्रे घेणाऱ्या) कॅमेऱ्याने अवयवाचा ऑक्सिजन-नकाशा काढतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजशी संबंधित गटाने ससे व मेंढ्यांवरील असे प्रयोग 2016 मध्ये प्रसिद्ध केले. मात्र दृश्य प्रकाश पृष्ठभागाखाली फारसा शिरत नाही. गर्भाशयाची भिंत तर जाड स्नायूची. अवरक्तालगतचा प्रकाश अधिक खोल जातो, पण त्यातून इतका रेखीव नकाशा मिळत नाही. नुसत्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा : ऑक्सिजन घटत असताना एकूण हीमोग्लोबिन वाढत गेले, तर संशय नीलेवर घ्यावा.

महाराष्ट्र : पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने 18 मे 2017 रोजी सोलापूरच्या 21 वर्षांच्या तरुणीवर प्रत्यारोपण केले. तिला जन्मतः गर्भाशय नव्हते. ते आईने दिले. भारतातील हे पहिले प्रत्यारोपण समजले जाते. दुसऱ्या दिवशी गुजरातच्या एका महिलेवर तशीच शस्त्रक्रिया झाली. तिला 18 ऑक्टोबर 2018 रोजी 1.45 किलोची मुलगी झाली. या चमूच्या लेखनात भर ऑक्सिजनमापनापेक्षा दात्रीचे गर्भाशय दुर्बिणीतून काढण्याच्या कौशल्यावर आहे.

शस्त्रक्रियेनंतर : रक्तप्रवाह पाहण्यासाठी डॉप्लर तपासणी; शरीर अवयव नाकारत आहे का हे ओळखण्यासाठी गर्भाशयमुखाचा तुकडा तपासणे.

एक-दोन बाळंतपणांनंतर हे गर्भाशय काढून टाकतात. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता येतात.